अर्धी गोळी

शोभनाने गोळी बरोबर मधोमध मोडली. एक तुकडा परत पाकिटात सरकवला, दुसरा चमच्यात घेतला आणि वरून दुसऱ्या चमच्याची पाठ दाबली. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि तेवढ्यानेही तिने दचकून मागे पाहिलं. अमन डायनिंग टेबलावर कोपरं टेकून बसला होता. सकाळचे पावणेआठ वाजले होते. रात्रपाळी करून तो नुकताच घरी आला होता आणि अंगातलं जॅकेटही त्याने काढलं नव्हतं.

दूध वर आलं. तिने हळद घातली, साखर जरा सढळ हाताने घातली, जायफळ किसलं. चमच्यातली पांढरी पूड सगळ्यात शेवटी पडली आणि दोनदा ढवळल्यावर दिसेनाशी झाली.

"घे. गरम आहे तोवर पी."

"आई, आय ॲम नॉट सिक."

"दूध काय आजाऱ्यांनीच प्यायचं असतं?"

अमनने पेला दोन्ही हातांत धरला. पहिला घोट घेतला आणि तो जरा थांबला. शोभनाने फडकं उचललं आणि ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता, तरी ती पुसत राहिली. वळून पाहिलं तेव्हा पेला रिकामा होता. अमन उठला, त्याच्या जुन्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

अठ्ठावीस वर्षांचा हा मुलगा विमानतळाच्या टॉवरमध्ये एअर ट्रॅफिक कंट्रोलर होता. कुठल्या विमानाने आधी उतरायचं, कुणी थांबायचं, कुणी वळसा घालून यायचं, हे कानाला हेडसेट लावून दिवसभर सांगत राहणं हे त्याचं काम. तिकडे वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या मंजुरीवरून पुढाऱ्यांचं बिनसलं आणि सरकारचं शटडाउन झालं, त्याला पाच आठवडे होऊन गेले होते. कचेऱ्या बंद झाल्या. विमानं काही बंद झाली नाहीत. त्यामुळे टॉवरमधल्या माणसांनी कामावर यायचं होतं, फक्त पगार मिळणार नव्हता. बॅगा तपासणाऱ्यांचंही तेच. आठवड्यातले सहा दिवस, रोज दहा तास, आणि पगाराच्या पावतीवर भलामोठा शून्य. तिसऱ्या आठवड्यात अमनने अपार्टमेंट सोडलं आणि दोन बॅगा, एक मायक्रोवेव्ह आणि एक सुकलेलं झाड घेऊन तो चँडलरला आईवडिलांकडे राहायला आला.

आणि शोभनाला आनंद झाला. हे ती कुणाजवळ बोलली नसती, नवऱ्याजवळही नाही. पण झाला खरा. दहा वर्षांनी मुलगा दिवाळीला घरात होता. चकल्या डब्यात पडण्याआधी परातीतून संपत होत्या. बाथरूममध्ये पुन्हा तिसरा टूथब्रश आला होता. संध्याकाळी बातम्यांत कुणी म्हणालं की आता तडजोड होणार, तर तिचं मन खट्टू व्हायचं, आणि मग त्या खट्टू होण्याची तिला इतकी शरम वाटायची की ती उठून देवापाशी दिवा लावायची. देशभरातली माणसं बिनपगारी राबताहेत, त्यांतला एक आपल्या पोटचा, आणि आपण मनात म्हणतोय की चालू दे अजून थोडं. आई म्हणवून घ्यायची लाज वाटावी असा हा विचार होता, पण तो रोज यायचा.

पाचव्या आठवड्यात अमनची झोप उडाली. पाळ्या उलटसुलट. आज पहाट, उद्या दुपार, परवा रात्र. दिवसा जाड पडदे लावून पडला तरी तासाभराने त्याच्या खोलीत पावलांचा आवाज यायचा. चार दिवसांपूर्वी तिने विचारलं होतं, काहीतरी घेत का नाहीस? माझ्या डब्यात सेट्रिझिन आहे, सर्दीची साधी गोळी, मस्त झोप लागते.

"नाही चालत, आई. झोप येणारं काहीही घेतलं की दोन दिवस काम नाही करता येत. नॉट इव्हन अ कोल्ड मेडिसिन. रूल आहे."

"अर्धी?"

"अर्धी पण मेडिसिनच असते ना?"

हे त्याने हसत म्हटलं होतं, आणि इथेच सगळा घोटाळा झाला. कारण शोभनाच्या लेखी अर्धी गोळी ही गोळीच नव्हती. दर भारतवारीत पुण्याहून भरून आणलेला तिचा औषधांचा डबा इथल्या मराठी मंडळात प्रसिद्ध होता, आणि त्या डब्याचा सगळा कारभार अर्ध्यांवर चालायचा. खोकल्याला अर्धी, अंगदुखीला अर्धी, पाहुण्यांना प्रवासाआधी अर्धी. पूर्ण गोळी म्हणजे औषध. अर्धी म्हणजे काळजी. काळजीला कसला आलाय नियम? आज सकाळी दारात उभा राहिलेला अमनचा चेहरा तिने पाहिला, डोळ्यांखाली बोट टेकवावं इतके खड्डे, आणि तिचा हात आपसूक डब्याकडे गेला.

दहा वाजता तिने दाराशी कान लावला. संथ, खोल घोरणं. शोभनाला रडूच आलं. मग तिने घराचा ताबा घेतला. दारावरची घंटा बंद केली. अंगणातला पाला फुंकणारा माणूस यंत्र घेऊन आला, त्याला खुणा करून परत पाठवला. कुकर लावायचा नाही म्हणून भात पातेल्यात शिजवला. अर्धी गोळी किती गुणाची, असं ती स्वतःशी दोनदा तरी म्हणाली असेल.

बाराच्या सुमारास दीपाचा फोन आला. दीपा तिची वीस वर्षांची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. फोन घेऊन शोभना मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली गेली.

"खीर करणार आहेस ना गं? विसरली नाहीस ना?"

"विसरेन कशी? रवा भाजून ठेवलाय."

दीपाची मुलगी केया उद्या सकाळी डेन्व्हरहून येत होती, सात महिन्यांच्या आन्याला घेऊन. अकरा वाजता आन्याचं उष्टावण होतं. पोर पहिला घास खिरीचा खाणार आणि ती खीर शोभनाच्या हातची असावी असं दीपाने महिन्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. केयाचं विमान साडेआठला उतरायचं होतं.

"अमनची उद्या सकाळची शिफ्ट आहे ना?" दीपाने विचारलं.

"हो. सहाची."

"मग मला काही टेन्शन नाही बाई. बातम्या बघून घाबरायला होतं नाही तर. लोक थकलेत, चुका होतायत म्हणे. पण आपला अमन आहे म्हटल्यावर... त्याला सांग, आमची आन्या येतेय, नीट उतरव."

"सांगते," शोभना म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. उन्हात लिंबं पिवळी दिसत होती. वरून एक विमान गेलं, खूप उंचावरून, आवाजही न करता. ही विमानं तिला रोज दिसायची. त्यात माणसं बसलेली असतात हे मात्र आजच डोळ्यांसमोर आलं. मांडीवर सात महिन्यांची पोर घेतलेली केया. आणि खाली काचेमागे अमन, शोभनाने त्याच्या नकळत पाजलेलं औषध रक्तात घेऊन बसलेला. अर्धी, ती स्वतःला म्हणाली. अर्धीच तर आहे. पण सकाळी जो शब्द इतका हलका वाटला होता तो आता काही केल्या हलका होईना.

श्रीराम चारला घरी आला. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर होता. बोलणारा, हिशेबी, मुलाचा अभिमान खिशात घेऊन फिरणारा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्याने निदान दहा जणांना ऐकवलं होतं, "आमचा अमन पाच आठवड्यांत एक दिवस चुकला नाही. लोक सिक लीव्ह टाकतायत, हा नाही."

शोभनाने त्याला चहाही न देता गॅरेजमध्येच गाठलं आणि सगळं सांगितलं. श्रीराम ऐकत होता, गाडीच्या टपावर हात ठेवून. मग त्याने फोन काढला.

"अर्धी म्हणजे पाच मिलिग्रॅम. आठ तासांत निम्मी होते. उद्या सकाळी सहा म्हणजे बावीस तास झाले. पाऊण मिलिग्रॅमसुद्धा राहत नाही, शोभना. विषय संपला."

"मग त्याला सांगायचं नाही?"

"सांगितलंस तर त्याला फोन करून मी येत नाही म्हणावं लागेल. दोन दिवस. तिथे आधीच माणसं नाहीत. आणि सगळे काय समजतील? पगार नाही म्हणून यानेही दांडी मारली. एवढे दिवस टिकला पोरगा, आता कशासाठी त्याच्या नावाला डाग? पाऊण मिलिग्रॅमसाठी?"

शोभनाने पदराची सवय अंगात असल्यासारखं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुमच्या कारखान्यात, त्या फॅबमध्ये, धुळीचा पाऊण कण चालतो का हो?"

"ती चिपची चकती असते, वेफर."

"आणि ही विमानं."

श्रीरामने टपावरचा हात काढला. केसाचा एक तुकडा पडू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरणारा माणूस तो; त्याला पटलं नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "मी तरी सांगणार नाही. तुला काय ते तू ठरव." आणि आत निघून गेला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. अवघड निर्णय बायकोच्या ओट्यावर ठेवून पंख्याखाली जाऊन बसायची त्याची सवय काही गेली नव्हती.

अमन पाच वाजता उठला. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, आणि चेहरा पुष्कळ दिवसांनी माणसासारखा. त्याने वरण-भात दोनदा घेतला. बटाट्याची भाजी पातेल्यातून खरवडून घेतली. शोभना समोर बसून बघत होती.

"काय झोप लागली, आई," तो म्हणाला. मग पाण्याचा ग्लास उचलत त्याने विचारलं, "दुधात काय घातलं होतंस?"

"जायफळ."

उत्तर तिच्या तोंडून इतक्या चटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. अमनने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तिला वाटलं.

"जायफळ," तो म्हणाला. "ओके."

श्रीरामने घाईघाईने बातम्यांचा विषय काढला. म्हणे एक विधेयक पुढे आलंय. शटडाउन असो वा नसो, विमानवाल्या लोकांचे पगार थांबायचे नाहीत, टॉवरवाल्यांचे, तपासणीवाल्यांचे.

"बाबा, हे बिल मागच्या शटडाउनलाही होतं. तेव्हा मी कॉलेजला होतो," अमन म्हणाला. "सगळ्यांना आवडतं ते. देन दे ओपन द गव्हर्नमेंट, अँड एव्हरीबडी फरगेट्स."

तो उठला. दुसऱ्या दिवसाचा डबा त्याने स्वतःच भरला, पाण्याची बाटली धुऊन उपडी ठेवली, फोनवर गजर लावला. पहाटे साडेचारचा. गजर लावताना होणारी ती टिकटिक शोभनाला ऐकू आली आणि तिचा धीर सुटला.

"अमन, जायफळ नव्हतं. म्हणजे जायफळ होतं, पण... अर्धी गोळी घातली होती मी दुधात. सेट्रिझिनची. तू सांगितलं होतंस तरी घातली. तुझी ती दशा बघवेना रे. मी मूर्ख आहे."

अमन ओट्याला पाठ टेकून उभा होता. तो ओरडेल, पेला आपटेल, निदान डोक्यावर हात मारेल, अशी तिची तयारी होती. त्याने फक्त विचारलं,

"किती वाजता?"

"पावणेआठ."

"पाकीट आण."

तिने आणून दिलं. त्याने गोळीच्या नावाचा आणि आकड्याचा फोटो काढला. उरलेली अर्धी गोळी पाकिटाच्या फाटक्या चांदीतून बाहेर डोकावत होती. मग तो खुर्चीत बसला आणि त्याने सुपरवायझरला फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता, पण खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा थकलेला बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

अमन इंग्रजीत म्हणाला की त्याने आज सकाळी अर्धी सेट्रिझिन घेतली आहे. दोन दिवस तो काम करू शकणार नाही. हो, त्याला नियम माहीत होता. नाही, सर्दी नव्हती, झोप येत नव्हती.

पलीकडून एक सुस्कारा आला. ती म्हणाली, उद्या सकाळी न येणारा तू तिसरा. कुणाला तरी डबल शिफ्ट करायला लावते. आणि मग म्हणाली, तू कळवलंस ते बरं केलंस.

"तू घेतलीस असं का सांगितलंस?" फोन ठेवल्यावर शोभनाने विचारलं. "माझं नाव सांगायचं. खरं ते सांगायचं."

"इट्स फाइन."

"फाइन कसं? तुझ्या रेकॉर्डवर..."

"आई, प्लीज." त्याने टेबलावरचा पाण्याचा डाग अंगठ्याने पुसला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "प्लीज, आता नको." आणि तो खोलीत गेला.

त्या रात्री शोभना जागीच होती. मुलगा चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. चिडलेल्या मुलाला समजावता येतं, त्याच्या दाराशी ताट ठेवता येतं. पण हा नजरच देत नव्हता. आता तो बॅगा भरेल, मित्राकडे जमिनीवर गादी टाकून झोपेल, पण या घरात पाण्याचा घोटसुद्धा आईच्या हातून घ्यायचा नाही. आणि बरोबरच आहे त्याचं. तो घरी आला म्हणून आपण खूश झालो होतो ना मनातल्या मनात? घ्या आता.

सकाळी साडेसातला ती खीर ढवळत होती तेव्हा अमन स्वयंपाकघरात आला. त्याने टोस्टरमध्ये दोन ब्रेड घातले आणि तिथेच उभा राहिला. श्रीराम मागच्या अंगणात लिंबं काढत होता. सुट्टी काढून घरी थांबला होता आणि कुणाच्या मध्ये यायचं नाही म्हणून झाडाला लागला होता. तेवढ्यात दीपाचा फोन आला. दीपाला फोनवर हळू बोलणं माहीतच नाही, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द टोस्टरपर्यंत पोचत होता.

"शोभना, गोंधळ झालाय नुसता! केयाचं विमान सोडतच नाहीयेत. आत बसवलं, तासभर ठेवलं आणि उतरवलं. आता दुपारी चारच्या आत काही पोचत नाही म्हणे. ती पोर रडून लाल झालीय. इथे आपल्याकडे टॉवरमध्ये माणसं कमी आहेत म्हणून! या लोकांना सिक लीव्ह घ्यायला आजच सुचतं का गं? तू अमनला मेसेज करून विचार ना जरा. आत बसलाय तो, त्याला माहीत असेल."

शोभनाने डाव खिरीतून बाहेर काढला.

"अमन घरीच आहे, दीपा."

"घरी? म्हणजे त्याने पण..."

"त्याने काही केलं नाही. मी केलं. त्याला झोप येत नव्हती म्हणून मी काल दुधातून गोळी दिली, त्याला न सांगता. त्यांना ती चालत नाही. मला माहीत होतं चालत नाही. म्हणून आज तो जाऊ शकला नाही आणि म्हणून केया अडकली. तुला कुणाला बोलायचं असेल तर मला बोल."



"अगं बाई," दीपा म्हणाली. आणि मग, दीपाच ती, "बरं. खीर फ्रिजमध्ये ठेव. संध्याकाळी करू उष्टावण. बाकीचं नंतर बोलते मी तुझ्याशी."

शोभनाने फोन ओट्यावर ठेवला. कालपासून पहिल्यांदाच तिला श्वास पूर्ण घेता आला. टोस्टरमधून ब्रेड वर आले होते. अमनने त्यांना हात लावला नव्हता.

"तू तिला सांगायला नको होतंस," तो म्हणाला.

"का? खोटं आहे का त्यातलं काही?"

"न सांगता दिलीस, हे."

शोभनाला कळेना.

"मला कळलं होतं," अमन म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की तिला जवळ जावं लागलं. "पहिल्याच घोटाला. इंडियाला जाताना विमानात द्यायचीस ना मला, दुधातून? मी पाच-सहा वर्षांचा असेन. तीच कडवट चव, जिभेच्या मागे. आय न्यू, आई."

"मग प्यायलास का?"

त्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही.

"पाच आठवडे रोज वाटत होतं, आज फोन करावा, येत नाही म्हणून सांगावं. पण मी जरा आजारी आहे असं खोटं मला सांगता येईना. बाबा सगळ्यांना सांगत फिरतात, एक दिवस चुकला नाही. मग तू दूध दिलंस. वाटलं, हे तर मी केलेलं नाही. आईने केलंय."

खीर बुडाला लागायला आली होती. शोभनाने न बघताच हात लांब करून गॅस बारीक केला.

"संध्याकाळी मी विचारलं तुला," तो म्हणाला. "तू गोळी म्हणाली असतीस तर मी लगेच फोन केला असता. तू जायफळ म्हणालीस. मग मी पण म्हटलं, ठीक आहे, जायफळ."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

अमन खिडकीकडे बघत होता. बाहेर श्रीराम टाचा उंचावून वरच्या फांदीचं लिंबू काढत होता.

"डबा भरला होता ना मी," तो म्हणाला. "गजर लावला होता."

लहानपणी रिकाम्या रस्त्यावरही हिरवा दिवा लागेपर्यंत पाऊल न टाकणारा हा मुलगा. त्याला इथपर्यंत कुणी आणलं? वॉशिंग्टनवाल्यांनी, पाळ्यांनी, बापाच्या अभिमानाने, आपल्या अर्ध्या गोळीने? तिला कुणा एकावर बोट ठेवता येईना. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"मी बोलेन सुपरवायझरशी. का घेतली ते खरं सांगेन," तो म्हणाला. "आज नाही. पण सांगेन. बाबांना मात्र नको सांगूस. प्लीज."

मागचं दार सरकलं. श्रीराम शर्टाच्या ओच्यात लिंबं घेऊन आत आला आणि दोघांना इतक्या जवळ उभं पाहून दाराशीच थबकला.

"काय चाललंय मायलेकांचं?"

"काही नाही," शोभना म्हणाली. "त्याची माफी मागत होते."

"अगं, किती वेळा मागशील?" श्रीरामने लिंबं सिंकमध्ये ओतली. मिटलं एकदाचं, या सुटकेने त्याचा चेहरा उजळला होता. "अमन, आता पुरे झालं हं. आई आहे ती तुझी. तुझ्या काळजीपोटीच केलं तिने. माफ करून टाक बरं तिला."

अमनने टोस्टरमधला थंड ब्रेड काढून ताटलीत ठेवला.

"केलं, बाबा," तो म्हणाला. पण मान वर करून आईकडे बघणं त्याला जमलं नाही.